रुग्णालयाचा नकार आणि पहिले अपील

सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाभोवती दोन प्रकारची कागदपत्रे साठत जातात. पहिली त्याच्या स्वतःच्या उपचारांची, म्हणजे केसपेपर, परिचारिकांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेचे संमतिपत्र आणि डिस्चार्ज कार्ड. दुसरी रुग्णालयाच्या कारभाराची, म्हणजे औषध भांडाराची साठा नोंदवही, डॉक्टरांचे हजेरीपत्रक, यंत्रांच्या देखभालीचे करार, अग्निसुरक्षा तपासणीचे अहवाल आणि रुग्ण कल्याण समितीचा जमाखर्च. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या दोन्हींना लागू होतो, मात्र दोन्हींच्या बाबतीत नकार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि म्हणून त्याविरुद्धचे अपीलही वेगळ्या रीतीने लिहावे लागते. बहुसंख्य अपिले दुबळी ठरतात ती या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे: अपीलकर्ता आपले दुःख सांगतो, रुग्णालयाच्या हलगर्जीपणाबद्दल पानेच्या पाने लिहितो, आणि ज्या एका ओळीत त्याला माहिती नाकारली गेली त्या ओळीला उत्तर द्यायचे राहून जाते.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल, तर ही मुदत ४८ तासांची आहे, आणि अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या चालू उपचारांसंबंधीच्या अर्जात या तरतुदीचा उल्लेख आवर्जून केला पाहिजे. मुदतीत उत्तरच आले नाही तर कायदा त्या मौनाला नकार मानतो, त्यामुळे लेखी नकाराची वाट पाहत बसण्याचे कारण उरत नाही. शिवाय मुदत उलटल्यानंतर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनाशुल्क द्यावी लागते. लेखी नकार आला, तर त्यात नाकारण्याची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील हे तिन्ही असणे कलम ७(८) नुसार आवश्यक आहे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर तो दोष हाच अपिलाचा पहिला मुद्दा होतो.

पहिले अपील कलम १९(१) खाली, नकार मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, त्याच सार्वजनिक प्राधिकरणातील जन माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचे असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे त्यासाठी जोडपत्र ‘ब’ चा नमुना आणि २० रुपयांचे शुल्क लागते. अपील त्याच संस्थेतील अधिकाऱ्याकडे जाते म्हणून ते निरर्थक आहे, असा समज सर्वत्र रुजलेला आहे, आणि अनेक अपिलीय अधिकारी आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याचे उत्तर शब्दशः कायम करतात हेही खरे आहे. तरीही अभिलेख कोणत्या कपाटात आहे हे ठाऊक असलेला आणि तो काढून द्यायला लावू शकणारा अधिकारी या टप्प्यावरच भेटतो, तेव्हा हा टप्पा उरकून टाकण्याजोगा नाही.

वैयक्तिक कागदपत्रांच्या बाबतीत नकाराची ठरलेली ओळ अशी असते: ‘सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.’ अर्जदार स्वतःच रुग्ण असेल तर हे कारण मुळातच टिकत नाही, कारण खासगीपण ज्याचे, त्याच्याच विरुद्ध ते वापरता येत नाही. कलम ८(१)(ङ) मधील विश्वासाश्रित नात्याचा आधार घेतला जातो तेव्हाही उत्तर हेच आहे. विश्वासाश्रित नाते म्हणजे ज्यात एकाने दुसऱ्याच्या हितासाठी विश्वासाने माहिती सांभाळायची असते असे नाते. सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात डॉक्टर आणि रुग्ण हे त्याचे एक उदाहरण म्हणून दिले आणि ज्याच्या हितासाठी माहिती सांभाळली जाते त्याच्यापासूनच ती या कलमाखाली लपवता येत नाही, असे स्पष्ट केले. याला जोड म्हणून भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांचा हवाला द्यावा, ज्यांत रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत अभिलेख देण्याचे बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा प्रकरणात रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे. रुग्ण हयात नसेल, तर वारस असल्याचा पुरावा आणि मृत्यू प्रमाणपत्र अपिलाला जोडलेले असावे, म्हणजे ‘त्रयस्थ व्यक्ती’ हा शेरा मारण्यास जागा राहत नाही.

इतरांसंबंधीच्या माहितीची वाट मात्र आता अधिक अरुंद झाली आहे. पूर्वी खंड (ञ) मध्ये सार्वजनिक कामाशी संबंध नसणे, खासगी आयुष्यात अनाठायी हस्तक्षेप होणे आणि व्यापक सार्वजनिक हित या कसोट्या होत्या; डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने त्या काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. हा बदल घातक आहे, कारण ड्युटीवर कोणता डॉक्टर होता हा प्रश्नसुद्धा त्या शब्दांत कोंबता येतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर ती देता येते. म्हणून हे हित कोणते, हे यापुढे अपिलात दोन-तीन नेमक्या वाक्यांत मांडणे अपरिहार्य झाले आहे.

कारभाराच्या कागदपत्रांत हे हित दाखवणे अवघड नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत १० बालके दगावली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती, आणि औषधांच्या उपलब्धतेचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. अशा प्रश्नांची उत्तरे वर्तमानपत्रांतल्या निवेदनांपेक्षा साठा नोंदवहीत मिळतात. त्या वहीत औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आवक, जावक आणि शिल्लक यांचे रकाने असतात. वॉर्डातून आलेले मागणीपत्र आणि त्यापुढची जावक जुळवली की औषध साठ्यात असूनही पोचले नाही की साठ्यातच नव्हते, हे उलगडते. या वहीत रुग्णाचे नाव येत असेल, तर तेवढा भाग झाकून उरलेली प्रत देण्याची सोय कलम १० मध्ये आहे, आणि ती सोय अपीलकर्त्यानेच सुचवली तर नकाराचा अर्धा आधार नाहीसा होतो.

अशाच मागण्यांना ‘चौकशी सुरू आहे’ असे उत्तर येते. कलम ८(१)(ज) चौकशी सुरू असणे एवढ्यावर माहिती रोखू देत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे माहिती नाकारणाऱ्या प्राधिकरणाने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये सांगितले. नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने जन माहिती अधिकाऱ्यावर टाकलेली आहे आणि हे वाक्य अपिलात लिहिलेले असावे. ‘अभिलेख आढळून येत नाही’ या उत्तरावर शोध कोणी, केव्हा आणि कुठे घेतला याचा तपशील मागावा, तसेच जतनाची मुदत संपण्याआधी कागद नाहीसा झाला असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली कोणती कारवाई केली, हे विचारावे.

अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, आणि लेखी कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत, व्हायला हवा. सुनावणीत अपीलकर्त्याने तोंडी सांगितलेले आदेशात उतरेलच असे नाही, म्हणून लेखी म्हणणे दोन प्रतींत नेऊन एकीवर पोच घ्यावी. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला दंड करता येत नाही. दिवसाला २५० आणि एकूण २५,००० रुपयांपर्यंतचा दंड फक्त राज्य माहिती आयोग कलम २० खाली करू शकतो. आयोगाकडे जाण्याचे मार्ग दोन आहेत, आणि त्यांत गल्लत केल्याने अनेकांची वर्षे वाया जातात. कलम १८ ची तक्रार ही अधिकाऱ्याच्या वर्तनाविरुद्ध असते, आणि तिच्यावर आयोग माहिती देण्याचा आदेश काढू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात २०११ मध्ये दिला आहे; त्यामुळे ज्याला कागदच हवा आहे त्याने कलम १९(३) खालचे दुसरे अपील ९० दिवसांत दाखल केले पाहिजे, आणि त्याला पहिल्या अपिलाची प्रत, पोच व मिळालेला आदेश, किंवा आदेश मिळालाच नाही या अर्थाचे निवेदन, जोडले पाहिजे.