कायम निधी

आमच्या गावच्या वाचनालयाच्या ताळेबंदात एक ओळ वर्षानुवर्षं तशीच होती: कायम निधी, 3,00,000 रुपये. 1996 साली सभासदांनी दारोदार फिरून ही रक्कम उभी केली. बँक तेव्हा ठेवीवर 12 टक्के व्याज द्यायची. वर्षाला 36,000 रुपये यायचे आणि त्यात ग्रंथपालांचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल असं बरंचसं भागायचं. मुद्दलाला हात लावायचा नाही, असा ठराव होता. तो सगळ्यांनी निष्ठेने पाळला.

मी खजिनदार झालो तेव्हा व्याजदर 7 टक्क्यांच्या आसपास उतरला होता. म्हणजे वर्षाचे 21,000. मुद्दल शाबूत, लेखापरीक्षकांचा शेरा स्वच्छ. मग खर्च भागत होता कसा? हे कळायला मला दोन वर्षं लागली. ग्रंथपालबाईंचा पगार वाढलाच नव्हता. सोळा वर्षं सकाळ-संध्याकाळ कुलूप उघडणाऱ्या त्या बाईंना आम्ही महिन्याला काय देत होतो, ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. अनुदानाचा हप्ता लांबला की तोही पगार थांबायचा. वीजबिल मात्र वेळेवर भरलं जायचं, कारण वीज तोडतात. बाई काही बोलत नसत. आमची शिल्लक त्यांच्या गप्प बसण्यावर उभी होती.

कपाट देणारे दाते भेटतात. आईवडिलांच्या स्मरणार्थ पंखे, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळही मिळतं. पगारासाठी पैसे मागितले की समोरचा माणूस अवघडतो, कारण पगारावर नाव कोरता येत नाही. त्याचा राग मला येत नाही. मागायला आम्हीच कधी गेलो नव्हतो.

राज्यात रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं वाचनालय अजून चालू आहे. तेवढं टिकायचं तर मुद्दल वाढत राहायला हवं, महागाईच्या मागोमाग तरी. आम्ही देणगीदारांकडून एक साधं पत्र घ्यायला लागलो: ही रक्कम कायम निधीसाठी. असं पत्र नसेल तर देणगी त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि प्राप्तिकराची सवलत टिकवायची तर उत्पन्नातले किमान 85 टक्के संस्थेच्या कामावर खर्चावे लागतात. पत्र असलं की पूर्ण रक्कम ठेवीत जाते. एका निवृत्त शिक्षिकेने त्यात स्वतःच्या हाताने पुढे लिहिलं, ‘व्याज ग्रंथपालांच्या पगारासाठी.’ ते पत्र दाखवूनच मी पुढची दारं वाजवली.

गेल्या वर्षी पहिल्यांदा वाढलेला पगार एक तारखेला दिला. बाईंनी व्हाउचरवर सही करता करता विचारलं, “अनुदान आलं का?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं, मग सही पुरी केली.