वज्रेश्वरीचे कुंड आणि घरातला टब

कोकणच्या नकाशावर बोट फिरवले, तर ‘ऊन’ या एका शब्दापासून निघालेली गावे सापडत जातात. पालीच्या बल्लाळेश्वराजवळचे उन्हेरे, दापोलीच्या बाजूचे उन्हवरे, राजापूरच्या गंगेजवळचे उन्हाळे. आणि सह्याद्री ओलांडून खानदेशात गेले, की सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव. ज्या गावच्या पाण्याला चूल लागत नाही, त्या गावाचे नाव लोकांनी दुसऱ्या कशावरून ठेवावे? तानसा नदीच्या आसपासची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावे नावात ऊन न बाळगताही याच कुळातली आहेत. मुंबई-ठाण्याच्या माणसाला ती सर्वांत जवळची.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून शिरसाड फाट्याला अंबाडीच्या रस्त्याला लागले, की एका अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर सोबत चालू लागतात आणि शहर मागे पडते. वज्रेश्वरीचे मंदिर उंचावर आहे, दुरून एखाद्या छोट्या गढीसारखे दिसते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर मंदिर बांधून तो फेडला, असे सांगतात. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनी मात्र आधी पायऱ्या आणि मग कुंड, असा क्रम ठेवू नये. चढउतार करून दमलेले शरीर लगेच ऊन पाण्यात घालणे बरे नव्हे, देवी थांबते.

या पाण्याची लोककथा अशी, की देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त जमिनीखालून अजून वाहते आहे. भूशास्त्राची कथा कमी थरारक आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते. दर किलोमीटर खोलीला पृथ्वीच्या पोटातली उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या सलग भेगेने, निवायला फारसा वेळ न मिळता, वर येते. येताना गंधकाची संयुगे सोबत आणते. कुंडाजवळ नाकाला जाणवणारा उग्र वास त्यांचाच.

माझे थोरले मामा ८१ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, रक्तदाबाची गोळी सुरू. मामी ७६ वर्षांच्या, त्यांना मधुमेह. त्यांना घेऊन गेल्या माघात, मुद्दाम आडवारी सकाळी, आम्ही अकलोलीला पोहोचलो. सुट्टीच्या दिवशी या कुंडांवर उभे राहायला जागा नसते आणि पाण्याची स्वच्छताही गर्दीच्या प्रमाणात घटते. अंगावर उघडी जखम असेल, तर कोणत्याही दिवशी या पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तानसा फुगली, की नदीलगतची कुंडे पाण्याखाली जातात, म्हणून हिवाळाच बरा.

कुंडे शेजारी शेजारी असली, तरी सगळ्यांचे पाणी सारखे नाही. एकात हात ठेववत नव्हता, दुसऱ्यात शांतपणे बसता येत होते. मामा दुसऱ्या कुंडाच्या काठावर टेकले, पाय खाली सोडले आणि बसूनच एकेक पायरी सरकत कमरेइतक्या पाण्यात गेले. कुणी धरले नाही, कुणी उचलले नाही. शेजारी गावातल्या एक आजी तशाच बसून आपल्या पोटऱ्या चोळत होत्या. त्यांनी मामांना बजावले, “बाबा, उठताना घाई करू नका हं. इथं उठतानाच घेरी येते.”

वैद्यकाच्या पुस्तकात हेच दोन पाने खर्चून सांगितलेले असते. ऊन पाण्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. पाण्यात असेपर्यंत बाहेरून पाण्याचा दाब शरीराला आधार देतो. उभे राहताच तो आधार सुटतो, रक्त पायांकडे धावते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा छातीत दुखू नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या ही घसरण आणखी वाढवतात. मामा दहा मिनिटांनी एक पायरी वर सरकले, तिथे थोडे थांबले, मग काठावर बसले, आणि अंग पुसून झाल्यावरच उभे राहिले.

आमच्या या सहलीमागे एक कारण होते. नाशिकला राहणाऱ्या मामेभावाने आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी बंगल्याच्या गच्चीवर सहा जणांचा हॉट टब बसवण्याचे ठरवत आणले होते. माहितीपत्रकात बुडबुड्यांत हसणारे जोडपे होते. मामांना त्या पाण्याने खरोखर बरे वाटते का, हे आधी पाहावे, म्हणून आम्ही अकलोली गाठली. बरे वाटले. ऊन पाण्याने संधिवाताच्या दुखण्याला उतार पडतो, सांधे काही काळ मोकळे होतात, हे अनुभवाला आणि वैद्यकाला दोन्हींना मान्य आहे. उतार तात्पुरता असतो आणि झिजलेला सांधा भरून येत नाही, हेही तितकेच मान्य आहे.

बुडबुड्यांच्या टबाचा जन्मही घरातल्या एका दुखण्यातूनच झाला. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले जकुझी बंधू शेतीचे पाण्याचे पंप बनवत. त्यांच्यापैकी कँडिडो यांच्या लहानग्या केनेथला संधिवाताने गाठले. रुग्णालयात त्याला जलोपचार मिळत, पण तेवढे पुरेना. वडिलांनी घरच्या न्हाणीतल्या टबात सोडता येईल असा पंप तयार केला. तो पंप १९५० च्या दशकात बाजारात आला आणि १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकुझी यांनी पंप आणि टब एकत्र करून विकायला आणला. पुढे ती चैनीची वस्तू झाली. सुरुवात मात्र एका आजारी मुलापासून झाली होती, हे खरेदीला जाताना आठवणीत असावे. टब कुणासाठी घ्यायचा आहे, त्या माणसाच्या शरीराचे माप आधी घ्यावे, जागेचे नंतर.

अकलोलीच्या काठावर बसून मला जे दिसले, ते माहितीपत्रकात नव्हते. कुंडाचा काठ जमिनीच्या पातळीत असतो, माणूस खाली उतरतो. हॉट टबाची भिंत जमिनीपासून तीन फूट उंच असते, माणसाला ती चढून ओलांडावी लागते. आणि बाहेर येताना तीच ओल्या पायांनी, रक्तदाब उतरलेला असताना. ज्याचा गुडघा वाकत नाही म्हणून टब घ्यायचा, त्याच्याकडून सर्वांत आधी गुडघा वाकवून मागायचा, असा हा प्रकार आहे. कडेला बाजूचा दरवाजा असलेले टबही मिळतात. त्यांत पाय सहज आत जातो, परंतु दरवाजा लावल्यावरच पाणी भरता येते आणि पाणी पूर्ण उतरल्यावरच उघडता येतो. तेवढा वेळ म्हातारे माणूस आत उघडे कुडकुडत बसते. नाशिकच्या थंडीत हे चालणार नाही, असे मामींनी एका वाक्यात निकालात काढले.

दुसरा प्रश्न वजनाचा. कुंड धरणीच्या मांडीवर असते, टब स्लॅबवर. सहा जणांच्या टबात सुमारे १५०० लिटर पाणी मावते. म्हणजे दीड टन पाणी, वर टब आणि माणसे, मिळून दोन टनांहून अधिक; आणि हे सारे जेमतेम चार चौरस मीटर जागेवर. भारतीय मानकानुसार वापरातल्या गच्चीचा आराखडा दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आणि राहत्या खोल्यांचा २०० किलो भार धरून केलेला असतो. इथे भार होतो ५०० च्या पुढे. विक्रेता “काही होत नाही, साहेब” म्हणेल. अशा वेळी इमारतीच्या संरचना अभियंत्याचे लेखी मत घ्यावे आणि ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

एवढे पाणी हिवाळ्यातल्या वीस अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला तीस-एकतीस युनिट वीज लागते. तीन किलोवॉटचा हीटर दहा तासांहून अधिक चालेल. रोज हे परवडणार नाही, म्हणून असे टब रिकामे करत नाहीत. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून, झाकून अनेक आठवडे ऊन ठेवतात. आणि खरी काळजी इथे सुरू होते. कुंडात झऱ्याचे नवे पाणी येत राहते, जुने वाहून जाते. टबातल्या साचलेल्या ऊन पाण्यात क्लोरीन कमी पडले, तर लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून ते फुप्फुसात जातात आणि ज्येष्ठांना गंभीर न्यूमोनिया होतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल येथील फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी एक टब चालू ठेवला होता. त्यात कुणी स्नानही केले नाही. केवळ जवळून गेलेल्यांपैकी शेकडो आजारी पडले आणि तीसहून अधिक दगावले. पाण्याची रोज तपासणी करणारे कुणी घरात नसेल, तर पाणी साठवणारा टब घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जलधारांच्या नळ्यांतही थोडे पाणी मागे राहते, तिथे बुळबुळीत थर धरतो. वृद्धांच्या टबाला या धारा नसल्या, तर बिघडत काहीच नाही. सांध्यांना आराम मिळतो तो ऊब आणि पाण्याचा उचल यांमुळे.

घरोघरी खोल टबात बसून न्हाण्याची चाल ज्या जपानात आहे, तिथेही दरवर्षी काही हजार ज्येष्ठ माणसे घरच्या टबात दगावतात, विशेषतः हिवाळ्यात. थंडगार खोलीत कपडे उतरवायचे आणि एकदम कढत पाण्यात शिरायचे, हा झटका हृदयाला आणि रक्तदाबाला सोसत नाही. तिथली सरकारी सूचना अशी, की पाणी ४१ अंशांच्या वर नसावे, दहा मिनिटांत बाहेर यावे, न्हाणीघर आधी उबदार करावे आणि आत जाण्यापूर्वी घरच्यांना सांगावे. आपल्या वडीलधाऱ्यांना ३७-३८ अंश पुरतात. ज्यांचे हृदय दुर्बळ आहे, त्यांनी गळ्यापर्यंत बुडून बसू नये. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयावर भार येतो. अशांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कमरेइतक्या पाण्यातही बसू नये. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी स्वतःच्या पायाने पाणी अजमावू नये. दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहावे आणि त्याहीपेक्षा थर्मामीटर वापरावा. तो शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

मामेभाऊ हे सारे ऐकून काही वेळ गप्प होता. भेट मोठी द्यायची होती, ती लहान होत चालली, याचे त्याला वाईट वाटत असावे. मामाच म्हणाले, “अरे, मला सहा जणांबरोबर कशाला बसवतोस? मला एकट्याला नीट बसता आले म्हणजे झाले.”

त्यानंतर आम्ही दुकाने पाहिली ती मामांना बरोबर घेऊन. प्रत्येक ठिकाणी मामा कपड्यांनिशी कोरड्या टबात बसून उठून पाहत. विक्रेते हसत, पण टब निवडण्याची याहून चांगली रीत नाही. पाठ टेकते का, पाय लांब केल्यावर शरीर पुढे घसरते का, हात टेकायला जागा कुठे आहे, हे बसल्याशिवाय कळत नाही. शेवटी तळमजल्याच्या न्हाणीघरासाठी एका माणसाचा, दोनशे लिटरचा टब घेतला. त्याचा काठ खुर्चीच्या उंचीचा, दीड फुटाचा. काठालगत तितक्याच उंचीचा पक्का कट्टा बांधून घेतला. मामा कट्ट्यावर बसतात आणि एकेक पाय उचलून आत घेतात, अकलोलीला पायरीवरून सरकले होते तसेच. भिंतीत दीड इंच जाडीची स्टीलची कठडी आहे. ती फरशीला चिकटवलेली नसून भिंतीत खोल रुतवलेली आहे. चिकटवलेल्या कठडीचा आधार म्हणजे नसलेला आधार. तळाला रबरी चटई, बाहेर पाणी न साचणारी खरबरीत फरशी, दाराला आतून कडी नाही, हाताशी घंटा. विजेच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग. गीझर २५ लिटरचा होता. त्यातून एका वेळी ऊन पाणी निघते ते पंचावन्न लिटरच्या आसपास, म्हणजे टब भरेपर्यंत आधीचे निवणार. सुदैवाने छपरावर सौर बंब आधीपासून होता. त्याची नळी न्हाणीघरापर्यंत आणली आणि प्रश्न मिटला.

आठवड्यातून दोनदा, जेवणानंतर दोन तासांनी, मामा दहा-बारा मिनिटे पाण्यात बसतात. मामेभाऊ किंवा मामी दाराबाहेर स्टूल टाकून वर्तमानपत्र वाचतात आणि मधूनमधून हाक देतात. आधी पेलाभर पाणी पिणे आणि नंतर काठावर पाच मिनिटे टेकणे, हे दोन्ही नियम मामींनी घालून दिले आहेत. मामी स्वतः टबात उतरत नाहीत. त्यांच्या पायांची तपासणी करून डॉक्टरांनी पाण्यात पाय भिजत ठेवायला मनाई केली आहे. पाण्यात साबण नाही, क्लोरीन नाही, म्हणून टब मोकळा केला की सगळे पाणी परसात सोडतात. तिथे त्यांनी अळू लावला आहे, कोकणात न्हाणीच्या पाण्यावर लावतात तसा.