एवढीशी तार

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या मुलाची बॅग आवरताना आईच्या हाताला प्लॅस्टिकची एक डबी लागली. आत दोऱ्याच्या रिळासारखे तारेचे छोटे रीळ, बारीक पक्कड, कापसाच्या पट्ट्या आणि बोटाएवढा एक सेल. मुलाने काहीतरी दुरुस्तीचा उद्योग सुरू केला असेल, बापाचाच मुलगा, असे मनाशी म्हणत तिने ती डबी ओसरीवर बसलेल्या नवऱ्यापुढे नेऊन ठेवली.

नवरा नंदिनीच्या खाणीत तीस वर्षे इलेक्ट्रिशियन होता. अहिवाऱ्याला नंदिनी तशी घरचीच. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, तिला लागणारी चुनखडी याच भागातली. त्या सुमारास त्याचे वडील भंडाऱ्याकडून इकडे आले आणि घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी असा त्यांचा संसार सुरू झाला. चुन्याने या घराला पोसले. तळहातावर तंबाखूत मळायला लागायचा तोही चुनाच. असो.

निवृत्तीनंतर ओसरी हेच त्याचे दुकान झाले होते. पंखे, इस्त्र्या, मिक्सर आणि पावसाळ्यात विजेच्या शेगड्या. त्याने डबीतली तार दोन बोटांत धरून वाकवली आणि सोडली. ती हट्टाने मागे उसळली.

"नायक्रोम आहे," तो म्हणाला. "शेगडीचीच तार. पण ही एवढीशी कुठल्या शेगडीला?"

मुलगा दारात उभा होता. खोटे बोलायला त्याला जमले नाही.

होस्टेलमध्ये लागलेली सिगारेट नोकरी लागल्यावर दिवसाला दहावर गेली होती. खोलीतल्या मित्राने व्हेप दिले. सेलची वीज तारेच्या वेटोळ्यात जाते, तार तापते आणि वेटोळ्यात ओवलेल्या कापसातल्या द्रावाची वाफ होते. द्रावात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वास आणि निकोटिन. धूर नाही, राख नाही. पण ते वेटोळे, म्हणजे कॉइल, काही दिवसांतच काळी पडते. २०१९ च्या सप्टेंबरात सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला आणि ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवणूक सगळ्यालाच बंदी आली. तयार कॉइल चोरून आणि महाग मिळणार. म्हणून हा पठ्ठ्या व्हिडिओ बघून स्वतःच कॉइल वळायला शिकत होता. गेल्या महिनाभरातच. "सिगारेट सोडायची होती, बाबा," तो म्हणाला आणि त्यात खोटे काही नव्हते.

आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. आता बाप हात उगारणार, असे तिला वाटले असावे. त्याने विचारले, "किती ओहमची आहे?"

मुलाला माहीत नव्हते. मीटर घ्यायचा राहून गेला होता.

शिकाऊ माणसाच्या हातून नेमके हेच राहते. वेटोळी एकसारखी कशी दिसतील याकडे सगळे लक्ष, आणि मोजायचे ते नंतर केव्हातरी. बापाने खुंटीवरचा आपला जुना मल्टिमीटर काढला. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवली. मीटरने ०.३ दाखवले. "ही मीटरच्या वायरींची स्वतःची भर. ही वजा करायची." मग उपकरणात बसवलेल्या कॉइलला टोके लावली. ०.४.

"म्हणजे तुझी कॉइल शून्य पूर्णांक एक ओहम. बरोबर?"

मुलाने मान हलवली. वाफ जास्त यावी म्हणून त्याने दोन तारांना पीळ देऊन कॉइल वळली होती, आणि तशा दोन बसवल्या होत्या. बापाने वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. एकेरी तारेची एक कॉइल असती तर ०.४ भरली असती. पीळ दिला, विजेला दोन वाटा झाल्या. शेजारी दुसरी बसवली, चार वाटा झाल्या. चार वाटा म्हणजे अडथळा पावपट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. भागिले ०.१.

"बेचाळीस अँपिअर," मुलगा हळूच म्हणाला. ओहमचा नियम त्याला दहावीपासून पाठ होता, फक्त तो खिशातल्या वस्तूलाही लागू पडतो हे सुचले नव्हते.

"आपली मोठी शेगडी दोन हजार वॅटची. ती पावणेनऊ अँपिअर घेते. तिला भिंतीतून जाड वायर आणि जाड पिनांचा प्लग लागतो. तुझ्या खिशात पाच शेगड्यांचा प्रवाह आहे. उष्णता तेवढी नाही, व्होल्ट कमी आहेत. पण सेलच्या पोटातून प्रवाह जातो तो तेवढाच. सेल कुठला?"

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला. बाप काही बोलला नाही. त्याने सेल कॉइलपासून सोडवून कोरड्या फडताळात एकटा ठेवून दिला. त्या सेलला इतका प्रवाह देण्याची सवय नसते. तो तापतो, फुगतो आणि बंद धातूच्या नळीत असला तर फुटतो. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ च्या आरंभी टेक्सासमध्ये असे उपकरण तोंडाशीच फुटून माणसे गेली आहेत. मुलाने त्या बातम्या वाचल्या होत्या. वाचलेल्या बातमीतला माणूस नेहमी दुसराच असतो.

रात्री जेवताना विषय पुन्हा निघाला, तो आईने काढला. "फेकून दे ते. आजच्या आज." मुलगा ताटावरून उठला नाही, पण बोलला. "आणि तू सकाळी गुडाखू घासतेस ते? बाबांनी तंबाखू खाल्ली तेव्हा कोण बोललं?"

ताटलीत भाताचा घास तसाच राहिला. छत्तीसगढात गुडाखूची ती गोल डबी मोरीच्या कोनाड्यात असते, दंतमंजनासारखी. तंबाखू आणि गूळ यांचा तो लगदा बोटाने हिरड्यांवर घासला की डोके हलके होते म्हणतात. तो व्यसन आहे असे या घरातल्या कोणालाच कधी वाटले नव्हते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली २८.६ टक्के प्रौढ माणसे कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. छत्तीसगढात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होते. त्यात कोनाड्यातल्या डब्याही आल्या.

बापाने मात्र तंबाखू दोन वर्षांपूर्वी सोडली होती. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. निकाल येईपर्यंतचे ते दिवस त्याने मुलाला कळवले नव्हते, परीक्षा होती म्हणून. ते आता, आमटी वाढून घेताना, त्याने एका वाक्यात सांगितले. मुलगा कितीतरी वेळ त्यांच्या गालाकडे बघत राहिला. अजूनही त्यांना मोठा घास घेता येत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

दुसऱ्या दिवशी पोळा. गल्लीत मुले लाकडी नंदीबैल ओढत होती आणि शेजारच्या काकू शेगडी घेऊन आल्या. गॅस संपलेला, लाकडे ओली, ठेठरी-खुरमी तळायची आणि शेगडीची कॉइल तुटलेली. बघितले तर आधीही दोनदा तुटून पीळ मारून जोडलेली. अशी जोडलेली कॉइल आखूड होते, आखूड झाली की प्रवाह जास्त खेचते, जास्त लालबुंद होते, बाईमाणसाला वाटते शेगडी सुधारली. मग ती लवकरच पुन्हा तुटते.

"तू वळ," बापाने मुलाला सांगितले.

हजार वॅटची शेगडी, २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे ५३ ओहम. मुलाने आधी तार मोजली. कापायच्या आधी पुन्हा मोजली. मग सळईवर वेढे घालायला बसला. एवढीशी कॉइल पाच वेढ्यांत संपत होती. इथे वेढे संपता संपेनात, बोटे दुखायला लागली, एकदा हात सुटला आणि सगळी तार सापासारखी ओसरीभर पसरली. काकू हसल्या. बाप हसला नाही. त्याने तार गोळा करून पुन्हा सळई हातात दिली.

नायक्रोम निकेल आणि क्रोमियमचे. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ साली त्याचे पेटंट घेतले आणि घरोघरच्या विजेच्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर त्यावर उभे राहिले. तापल्यावर त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तोच आतल्या तारेला जपतो. म्हणून ती उघड्या हवेत लाल होऊनही वर्षानुवर्षे टिकते. शेगडीत ते चालून जाते, तारेवर कोणी श्वास घेत नाही. व्हेपच्या वाफेत मात्र कॉइलमधले निकेल आणि क्रोमियम उतरलेले अमेरिकेतल्या संशोधकांना २०१८ साली आढळले. बापाला हे ठाऊक नव्हते. मुलानेच मोबाइलवर वाचून दाखवले, अगदी सहज, जणू दुसऱ्या कोणाबद्दल.

कॉइल वळून झाली तेव्हा ती दाट होती. ती हळूहळू ताणून खाचांच्या लांबीएवढी करायची, सगळीकडे सारखी. मुलाने एका टोकाला जास्त ताणली. शेगडी लावल्यावर एक बाजू नारिंगी झाली, दुसरी लाल झाली नाही. "काढ," बाप म्हणाला. दुसऱ्यांदा बरी झाली. तिसऱ्यांदा काकूंनी कढई आणली.

संध्याकाळी ठेठरीचे ताट आले. मुलाचे हात थरथरत होते. सिगारेट नाही, व्हेप नाही, पहिलाच पूर्ण दिवस. बापाने १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा नंबर त्याच्या मोबाइलवर लावून दिला. फोन ठेवल्यावर मुलगा म्हणाला, "सोडायची तारीख ठरवा म्हणाले. आणि घरात आणखी कोण घेतं ते विचारलं."

"मग काय सांगितलंस?" आई आतून म्हणाली.

उत्तराची वाट न बघता ती मोरीकडे गेली. कोनाड्यात डबी हलल्याचा आवाज आला. ती तिने बाहेर आणली नाही, फेकलीही नाही, नुसती वरच्या फळीवर ठेवली, जिथे तिचा हात जेमतेम पोचतो.