न्यू आणि कर

आमच्या त्रैमासिकाच्या कार्यालयात सहा माणसे आणि चार संगणक. लेखकांचा पत्रव्यवहार ज्याच्या त्याच्या खासगी खात्यांत विखुरलेला असे आणि एखादा सहकारी सोडून गेला की तोही त्याच्याबरोबर जाई. म्हणून २०१० साली कार्यालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर उभारायचे ठरले. हे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे यावे याचे कारण एवढेच, की इंग्रजी सूचना धीराने वाचणारा तेथे मी एकटा होतो.

एका जुन्या संगणकावर लिनक्स घातले. पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डव्हकॉट आणि घरूनही ब्राउझरमध्ये पत्रे पाहता यावीत म्हणून राउंडक्यूब. या तिघांची कामे वेगळी आहेत, हे उमगायलाच आठवडा गेला. आमच्या डोमेनची पत्रे कोठे पोचवायची हे जगाला सांगणारी एमएक्स नोंद केली. तरीही आमची पत्रे परत येत. आकडी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद नव्हती. ती इंटरनेट सेवा देणाऱ्याकडून करून घेतल्यावर समोरचे सर्व्हर आमच्यावर विश्वास ठेवू लागले.

प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला. आपली पेटी आता कुलूपबंद आहे, असे सर्वांना वाटले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेपुरते ते खरेही होते. परंतु डिस्कवर पत्रे उघडीच असतात आणि यंत्राचा मुख्य अधिकार ज्याच्या हाती, त्याला कोणतेही पत्र वाचता येते. तो अधिकार माझ्याकडे होता. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. कोणी विचारलीही नाही.

आम्ही निवडलेल्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्र म्हणजे एक स्वतंत्र फाइल. नवे पत्र ‘न्यू’ या कप्प्यात पडते. धन्याने पेटी उघडली की ते ‘कर’मध्ये सरकते, आणि वाचले की फाइलच्या नावाअखेर ‘एस’ हे अक्षर लागते. उत्तर दिल्यास ‘आर’, मसुदा असल्यास ‘डी’.

२०१३ साली आमचे एक ज्येष्ठ सहकारी गेले. कवितांची पारख करण्यात त्यांचा हात धरणारे आमच्यात कोणी नव्हते. त्यांच्या पेटीतला ‘न्यू’ कप्पा मात्र भरतच राहिला. एका रात्री मी त्यातली एक फाइल थेट सर्व्हरवर उघडली. एका तरुण कवीने आपल्या हस्तलिखिताविषयी तिसऱ्यांदा, काहीशा संकोचाने विचारले होते. मी ते वाचले आणि फाइल मिटली. ती ‘न्यू’मध्येच राहिली, नावाला अक्षर लागले नाही. यंत्राच्या लेखी ते पत्र कोणीच वाचले नव्हते. त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. कवीला उत्तर द्यावे, तर त्याचे पत्र मी कसे वाचले हे सांगावे लागणार होते.

पुढच्या आठवड्यात त्यांची कन्या कार्यालयात आली. म्हणाली, “सर, बाबांनी शेवटचं काही लिहून ठेवलं असेल का हो त्यात?”

मी संपादक मंडळाला सगळे सांगितले, त्या रात्रीसकट. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग नियम ठरला : गेलेल्या व्यक्तीची पेटी दोघांच्या समक्ष उघडायची, कार्यालयीन पत्रे कार्यालयाकडे, खासगी कुटुंबाकडे, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याने एकट्याने काही उघडायचे नाही.

त्यानुसार नवा परवलीचा शब्द घालून राउंडक्यूबमधून पेटी उघडली. ‘न्यू’ कप्पा रिकामा झाला. मसुद्यांत दोन-तीन अर्धी पत्रे होती. त्या ती वाचत असताना मी खुर्ची खिडकीकडे वळवून बसलो. कवीला त्याच संध्याकाळी उत्तर लिहिले : ते गेले, आपले पत्र मी वाचले आहे, आणि ते त्यांच्या हयातीत आपल्याला कळवू शकले नाहीत याबद्दल क्षमस्व.

पुढे तो सर्व्हर बंद झाला. आमच्या पेट्या आता एका मोठ्या सेवेकडे आहेत. उलट नोंदींची चिंता उरलेली नाही. मुख्य अधिकार कोणाच्या हाती आहे, त्याचे नाव मात्र आम्हांला ठाऊक नाही. नियमाचा तो कागद कार्यालयाच्या कपाटात अजून आहे.