गिरणीतलं निनावी इंजिन

खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूर फाट्याला एस.टी. वळली, की मला माहेरी निघाल्यासारखं वाटतं. खरं तर ते माझं सासर! वाई मागे टाकून धोमच्या रस्त्याने थोडं पुढे गेलं की कृष्णाकाठी आमचं गाव. हळदीची शेतं, चिंचेची झाडं आणि गावात शिरतानाच डाव्या हाताला बंद पडलेली आमची पिठाची गिरणी.

यंदा मे महिन्यात गेले तर गिरणीचं दार सताड उघडं. आत भंगारवाला इंजिनाच्या वजनाचा अंदाज घेत उभा! दीर म्हणाले, “वहिनी, जुना डिझेलचा सांगाडा आहे, जागा अडवून बसलाय. सोमवारी गॅस-कटर आणून तोडून नेणार.” सासूबाई पडवीत शेंगा फोडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “डिझेल न्हवं ते.”

त्या दिवशी शनिवार होता. म्हटलं, तोडायचंच तर निदान काय तोडतोय ते तरी कळू दे. मी आणि धाकट्या जाऊबाई, दोघींनी पदर खोचले. नावाची पट्टी कधीच गेली होती, तिच्या जागी स्क्रूची चार भोकं. घासलेट आणि काथ्याने दोन तास घासलं. काही ओतीव आकडे वर आले. पण बायांनो, अशा आकड्यांवर भुलू नका. ते बहुधा त्या सुट्या भागाचे असतात, इंजिनाचे नव्हेत.

मग पाने चालवून पाहिले. दिरांचे मिलिमीटरचे पाने एक सैल तर एक बसेचना. म्हणजे नट इंची मापाचे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी विलायती काय आणि देशी काय, सगळी इंजिनं इंचांतच. त्यामुळे एवढ्यावरून वय कळलं, कूळ कळलं नाही.

चार धक्क्यांचं की दोन, हे मात्र खडूने ओळखता येतं. मोठ्या चाकावर खडूची खूण करायची आणि चाक हाताने हळूहळू फिरवायचं. धूर बाहेर सोडणारी झडप दोन फेऱ्यांत एकदा उघडली, तर चार धक्क्यांचं. आमची उघडली तशीच. इतकी वर्षं बंद असलेलं चाक फिरलं कसं, असं तुम्ही विचाराल. दर खंडेनवमीला सासूबाई इंजिनाला झेंडूची माळ घालतात, सिलिंडरमध्ये तेल सोडतात आणि चाकाला चार फेरे देतात. मामंजी करायचे तसंच. आम्ही सगळे त्यांना हसायचो! (तुमच्या इंजिनाचं चाक जाम असेल तर जोर करू नका. घासलेट सोडून चार-आठ दिवस थांबा.)

ठिणगीचा प्लग कुठेच नव्हता, मॅग्नेटोही नव्हता. म्हणजे पेट्रोलवर सुरू होणारं नव्हे. मग दिरांचंच खरं का? पण सिलिंडर आडवं, आणि त्याच्या मागच्या टोकाला बुधल्यासारखी पोकळ लोखंडी कोठी, अरुंद गळ्याने जोडलेली. वर टोपी, टोपी आतून काळीठिक्कर, आणि खाली काहीतरी टेकवायची कडी. कडेने एक लांब दांडा, त्यावर दोन गोळ्यांचा गव्हर्नर. ती कडी कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना.

सासूबाई शेंगांचं सूप बाजूला ठेवून आत आल्या. “तितं दिवा लावायचा. ष्टोवागत भरभरणारा. डोस्कं लाल झालं की घासलेट मारायचं आन् चाक फिरवायचं. मग दिवा काढून घ्यायचा.” लग्न होऊन त्या आल्या १९५८ साली. पहाटे दिवा पेटवायचं काम नव्या सुनेकडे होतं. धुराड्यावर बसवलेला डबा पुक्‌-पुक्‌ वाजू लागला, की बाया दळणाचे डबे घेऊन निघायच्या.

तिथेच कोडं सुटलं. डिझेलमध्ये हवा इतकी दाबतात की त्या तापलेल्या हवेनेच तेल पेटतं. इथे दाब कमी. तापल्या तव्यावर थेंब पडावा तसं तेल त्या लाल कोठीत पडतं आणि पेटतं. एकदा इंजिन चाललं की कोठी आपोआप तापलेली राहते. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने १८९० मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीने तशी इंजिनं बनवली. डिझेलसाहेबांचं इंजिन नीट चाललं ते १८९७ साली. आडवं सिलिंडर, मागची गळ्याची कोठी, कडेचा दांडा, जास्तीचं तेल टाकीत परत सोडणारा गव्हर्नर, सगळं त्याच हॉर्न्सबी-अक्रॉइड घराण्याच्या वळणाचं!

“मग मला कुणी आधी विचारलं का?” सासूबाई म्हणाल्या. खरंच नव्हतं विचारलं. मिस्त्रीला विचारलं, भंगारवाल्याला विचारलं.

रविवारी संध्याकाळी जाऊबाईंना माळ्यावर, शेवयांच्या पाटामागे, पितळेचा एक काळा पडलेला दिवा सापडला. कडीत अगदी चपखल बसला. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा दिरांनी त्याला चहा पाजला आणि गिरणीचे गंजके पत्रे तेवढे दिले.