दुधाच्या बाजूचा निळा रंग

ॲम्स्टेलव्हेन येथील आमचे स्वयंपाकघर एवढे लहान आहे की, दोन माणसे आत गेली तर तिसऱ्याने दाराशी उभे राहायचे. तरी दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी हा नेम तिथेच सांभाळायचा. २०२१ साली ते नव्याने रंगवायचे ठरले, तेव्हा आम्हां उभयतांत पुष्कळ चर्चा झाली. बऱ्याच यहुदी घरांतून दुधाच्या वस्तूंना निळी खूण आणि मांसाच्या वस्तूंना तांबडी खूण करतात. हा हलाखातला नियम नव्हे, निव्वळ सोयीची रूढी. पण तांबडा रंग काही आमच्या मनास येईना. म्हणून मांसाची बाजू पांढरीच ठेवली आणि दुधाच्या खणांना, मुठींना, फळीच्या कडेला फिका निळा रंग दिला. पाण्यात नीळ टाकल्याबरोबर जो रंग येतो ना, अगदी तसा.

त्या रंगामागे रेवदंड्याचे घर होते. पेसाहच्या आधी तिथे भिंतींना चुना देत, आणि चुन्याचा पिवळटपणा मरावा म्हणून त्यात कपड्यांची नीळ घालत. चुलीमागची भिंत धुराने काळवंडलेली असे, ती त्या दिवशी निळसर पांढरी होऊन जाई. गंमत अशी की, हॉलंडच्या जुन्या शेतघरांतूनही चुन्यात नीळ घालण्याची चाल होती. निळ्या भिंतीवर माशा बसत नाहीत, असा इथल्या लोकांचा समज असे. बसत नसत की नाही, ते माशांनाच ठाऊक!

२०२२ मध्ये आई ठाण्याहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. आम्ही दोघेही त्यांना आईच म्हणतो. तेव्हा वय ८१, पण उठणे-बसणे चोख. इथले यहुदी मांसानंतर एकच तास थांबून दूध घेतात, हे ऐकून त्या म्हणाल्या, "एक तास? भांडी घासून होतात न होतात तोच चहा?" त्यांच्या हातचे मटण नारळाच्या रसातले. दुधातुपाचा तिथे प्रश्नच नाही. साठ वर्षे ज्या बाईने कधी चूक केली नाही, तिला आम्ही खण दाखवून ठेवले आणि निश्चिंत झालो.

पहिल्याच महिन्यात मटणाचा डाव दुधाच्या खणात सापडला. चोवीस तास बाजूला ठेवून, उकळत्या पाण्यात बुडवून तो शुद्ध करून घेतला. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस आमच्या तोंडून जे निघाले ते इथे लिहवत नाही. "आई, तुमचं लक्ष कुठे असतं?" हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात यायच्या बंद झाल्या, आणि शब्बाथचे जेवण आम्ही आमच्या हातचे, अळणी, मुकाट्याने जेवलो. विसराळूपणाचा आजार तर नसेल, ही शंकाही मनात आली. ती आम्ही एकमेकांजवळसुद्धा उघड केली नाही.

पुढे एका रविवारी जुन्या बाजारात हिंडत असताना आई एका टेबलाशी थबकल्या. वीतभरापेक्षा लहान, कडेला तडा गेलेली टाइल. "हा तर आपला एलियाहू हन्नाबी!" त्या म्हणाल्या. खरेच, पांढऱ्यावर गडद निळ्या रेघांत अग्नीचा रथ, घोडे आणि वर जाणारा नबी. तौरातमधील व नबींच्या पुस्तकांतील प्रसंग अशा टाइलांवर काढण्याची पद्धत इथे सतराव्या शतकापासून आहे. चुलीभोवती त्या लावीत आणि मुलांना त्यावरून गोष्टी सांगत. भिंतीच्या पायथ्याशीही लावीत, ओल्या पुसण्याने चुना खराब होऊ नये म्हणून. डेल्फ्टचे नाव झाले असले तरी टाइला रॉटरडॅम, हार्लिंगेन, मक्कुम इथेही पुष्कळ होत. डच ईस्ट इंडिया कंपनीने आणलेल्या चिनी भांड्यांची ही नक्कल. कोबाल्टचा रंग भट्टीत जाण्यापूर्वी काळपट दिसतो, भाजल्यावर निळा होतो.

अलिबागजवळच्या खंडाळ्यास, जिथे एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, तिथे आई लहानपणी जाऊन आलेल्या. रथ त्यांना ओळखू यायचाच. पण आम्ही वेगळ्याच विचारात पडलो. तीन पावलांवरून एवढीशी टाइल दिसते, आणि हाताजवळचा निळा खण दिसत नाही?

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत उलगडा केला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे. गडद निळी रेघ पांढऱ्यावर उठून दिसते, पण फिका निळा पांढऱ्यात मिसळून जातो. त्यातून इथला हिवाळा, दुपारी चारलाच दिवे लावायचे. म्हणजे आई महिनाभर दोन पांढऱ्या खणांपुढे उभ्या होत्या, आणि आम्ही त्यांना रंग दाखवत होतो!

घरी येऊन आम्ही त्यांची माफी मागितली. "मलाही वाटलं, माझंच डोकं फिरलं," एवढेच त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात दुधाचे खण गर्द निळ्याने रंगवले, मांसाच्या खणांना ठसठशीत तांबड्या पट्ट्या मारल्या. शोभा गेली ती गेली. टाइल दुधाच्या खणांवर बसवली.

२०२३ च्या वसंतात आईंच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा मिटून पाहिले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "इतका भडक रंग कशाला दिलात? जरा फिका दिला असता तर शोभला असता!"

आणि चहासाठी दुधाचे पातेले काढायला स्वतःच आत गेल्या.