मधली सहा वर्षे

२७ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सीआयडी’ मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित झाला आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी ती सोनी वाहिनीवर परतली. जानेवारी १९९८ पासून दीड हजारांहून अधिक भाग दाखवून थांबलेली मालिका पुन्हा सुरू व्हावी, यात व्यापारी हिशेब असणारच. भाषेच्या अभ्यासकाला मात्र मधल्या सहा वर्षांचेच कुतूहल अधिक. मालिका बंद होती, पण तिची भाषा बंद पडली नव्हती.

डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये दाराशी गर्दी तटून बसली, की आतून कुणीतरी इन्स्पेक्टर दयाला हाक मारी. दार तोडण्याची आज्ञा उच्चारावीच लागत नसे. नुसत्या संबोधनावर डबा हसे. मालिका ज्यांनी धड पाहिलीही नव्हती, अशी मुलेही त्यात सामील होत. वाक्प्रचार रूढ होतो तो असा: मूळ प्रसंग मागे पडतो आणि शब्द स्वतंत्रपणे हिंडू लागतात.

‘गडबड’ या शब्दाची गोष्ट आणखी मौजेची आहे. मराठी माणूस गडबडीत असतो तेव्हा त्याला बहुधा घाई असते. हिंदीत गडबड असली, की कुठेतरी पाणी मुरत असते. एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवीत गडबडीचा संशय व्यक्त करू लागले, की नौपाड्यातल्या घरी माझी आई पुटपुटे, “गडबड कसली? सावकाश शोधा की!” हिंदीशी तिचा परिचय बेताचाच, तरी एकही भाग तिला अवघड गेला नाही.

या मालिकेला मराठी पूर्वपीठिकाही आहे. तिचे जनक बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीसमालिका केली होती. शिवाजी साटम तीतही होते. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचेच शीर्षक करणाऱ्याला शब्दांची जाण होती, असे म्हणावे लागेल.

कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कथेत मारले आणि १९०३ मध्ये पुन्हा जिवंत केले. वाचकांनी ते निमूटपणे, किंबहुना आनंदाने स्वीकारले. कल्याणच्या संपर्कसत्रात मी हे सांगत असताना, सतरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शिकू लागलेले एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्षांनी पुस्तक उघडले, तर पानभर ओळखीचे काही सापडेना. मालिका लावली, तर दहा मिनिटांत घरी आल्यासारखे वाटले.” वर्गात हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत. परीक्षा महिन्यावर आली होती. त्यांचे निरीक्षण अचूक होते. गुन्हा, संशय, प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे, शेवटी कबुली: हा साचा ठाऊक असला, की नवा मजकूर परका राहत नाही. त्या दिवशी ठरलेला घटक बाजूला ठेवून आम्ही पुस्तिकेतील प्रकरणांचा असा साचा शोधत बसलो. तासाभरात त्यांनी समासात पेन्सिलीने खुणा करायला आरंभ केला होता.

परतलेल्या चमूत फ्रेडरिक्स नव्हता. ती विनोदी भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तले. आईने सर्वांत आधी त्याचीच चौकशी केली, “तो आपला फ्रेडी कुठे दिसत नाही?” मी सांगितले. तिने दूरचित्रवाणीचा आवाज कमी केला आणि उरलेला भाग आम्ही जवळजवळ न ऐकताच पाहिला.